लॉनवर कंपोस्ट: सहा मिलिमीटर पुरे

प्रश्न: आमच्या घरापुढे सुमारे 900 चौरस फुटांचं हरळीचं लॉन आहे. वडिलांनी एकेक काडी लावून केलेलं. ते जाऊन सहा वर्षं झाली. मी पाणी घालते, वेळेवर कापते, तरी लॉन दरवर्षी उतरतच चाललंय. माती दगडासारखी झालीय. पाणी घातलं की वरच साचतं आणि उताराने वाहून जातं. दोन वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती झाली तेव्हा गवंड्यांनी एका कोपऱ्यात माल कालवला होता, तिथलं गवत पिवळं पडलंय. मागच्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून छोटा टेम्पो भरून शेणखत आणलं आणि पुढच्या अर्ध्या भागावर चांगलं दोन इंच पसरलं. महिनाभर वास गेला नाही, गवत खालच्या खाली पिवळं होऊन मेलं, वर छत्र्या उगवल्या आणि मागून लव्हाळ्याचं तण आलं. शेजारचे काका म्हणतात, वाळू टाका, गोल्फच्या मैदानावर तेच करतात. घरातले म्हणतात, सगळं उकरून टाकू आणि तयार गवताचे गालिचे अंथरू. माझं मन होत नाही. बाबा वर्षातून एकदा जुन्या चाळणीने काहीतरी काळं चाळून लॉनवर उडवायचे, एवढं आठवतं. ती माती होती की खत, मला माहीत नाही. हे लॉन वाचेल का?

उत्तर:

ताई,

वाचेल. उकरू नका. गालिचे आणून अंथरलेत तर दोन वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहायची वेळ येईल, कारण दुखणं गवताचं नाही, खालच्या मातीचं आहे. दगडासारख्या मातीवर नवं गवत अंथरणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला नुसता रंग देणं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी दोन शब्दांवर अडकले. बाबा चाळून 'उडवायचे', असं तुम्ही लिहिलंय. स्वतःबद्दल लिहिताना मात्र शेणखत 'पसरलं' म्हणालात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन क्रियापदांच्या मधे आहे. बाबा उडवायचे ते पूर्ण मुरलेलं, चाळलेलं कंपोस्ट असणार असा माझा अंदाज आहे, कारण ते बंद झाल्यावर माती जशी वागली ती अगदी उपाशी मातीसारखी वागली. मातीतले जिवाणू, बुरश्या, गांडुळं सेंद्रिय पदार्थावर जगतात आणि जगताना मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटवून त्यांचे रवे करतात. रव्यांच्या मधल्या पोकळीतून पाणी उतरतं, हवा फिरते, मुळं वाट काढतात. खाणं थांबलं की आहे तेवढा साठा संपेपर्यंत हे सगळं चालतं, मग रवे मोडतात, पोकळ्या बुजतात, वरून चालणाऱ्यांच्या पायांनी माती दबत जाते. सहा वर्षं हा काळ त्याला पुरेसा आहे. त्यात कापलेलं गवत तुम्ही दर वेळी गोळा करून बाहेर टाकत असाल, तर मातीच्या ताटातला उरलासुरला घासही जात होता.

आता मागच्या वर्षी काय झालं ते समजून घेऊ, म्हणजे या वर्षी हात आखडणार नाही. दोन इंच म्हणजे 50 मिलिमीटर. कापलेली हरळी असते साधारण 25 ते 30 मिलिमीटर उंच. म्हणजे अख्खं गवत गाडलं गेलं. गवताचं अन्न पानात तयार होतं. पानाला ऊन मिळालं नाही तर खाली कितीही खत असू द्या, ते उपाशीच. शिवाय ते खत कच्चं होतं, हे वासावरूनच कळतं. कच्चं शेणखत कुजताना तापतं, त्यातून अमोनिया सुटतो. त्यात काडीकचरा जास्त असेल तर तो कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र, म्हणजे नायट्रोजन, ओढून घेतात आणि गवत पिवळं पडतं. खत घातलं आणि गवत पिवळं झालं, हे कोडं असं सुटतं. छत्र्यांनी काही बिघडवलेलं नाही, त्या फक्त न कुजलेला माल खायला आल्या होत्या. लव्हाळ्याचं मात्र वाईट झालं. त्याच्या गाठी खताबरोबर आल्या असतील किंवा आधीपासून मातीत असतील. दाट गवताचं झाकण गेल्यावर त्याला मोकळं रान मिळालं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. हरळी चिवट असते. तिची खोडं जमिनीखालूनही धावतात आणि वरचं सगळं मेलं तरी खाली जीव धरून असतात. पुढच्या भागातला उरलेला खताचा थर दाताळ्याने हळूहळू ओढून काढा, मूळ माती दिसेपर्यंत. लव्हाळा दिसेल तिथे ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढा. नुसता वरून ओढलात तर गाठ आत राहते आणि पुन्हा फुटते. हे काम एकदाचं नाही, दर आठवड्याला दहा मिनिटं बसावं लागेल. काढलेलं खत आता वर्षभरात मुरलं असेल, तरी ते लॉनवर परत घालू नका. गाठी असलेलं खत चाळूनही पूर्ण स्वच्छ होत नाही. मग दोन-तीन आठवडे त्या भागाला नुसतं पाणी द्या आणि वाट पाहा. बऱ्याच ठिकाणी हिरवे कोंब वर येताना दिसतील. जिथे येणार नाहीत, तिथे चांगल्या भागातल्या धावत्या काड्या तोडून, दोन-तीन पेरं मातीत जातील अशा लावा. बाबांनी लॉन असंच केलं होतं, आणि गवतही त्यांचंच असेल.

गवंड्यांचा कोपरा वेगळा. तिथे कंपोस्टकडून अपेक्षा ठेवू नका. सिमेंट आणि चुन्याने मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) वर जातो. सामू फार वर गेला की मातीत लोह असूनही गवताला ते घेता येत नाही, आणि पानं पिवळी पडतात. नीट पाहिलंत तर पानांच्या शिरा हिरवट आणि मधला भाग पिवळा दिसेल. पहारीने वीतभर खोल खणून बघा, मालाचा कडक पापुद्रा हाताला लागेल असं मला वाटतं. तो पापुद्रा आणि त्याच्या आजूबाजूची पांढरट माती 10 ते 15 सेंटिमीटरपर्यंत काढून टाका आणि बाकीच्या लॉनखाली आहे तशीच माती भरा. फार वेगळी माती भरली की दोन मातींच्या सीमेवर पाणी अडतं. मग तिथेही काड्या लावा. जमलं तर या कोपऱ्यातली आणि चांगल्या भागातली, अशी दोन वेगळ्या पुड्यांत माती तपासायला द्या. सामू साधारण 6 ते 7 च्या दरम्यान असला की गवत खूश असतं.

काकांच्या वाळूबद्दल. ते खोटं सांगत नाहीत. गोल्फच्या हिरवळीवर वाळू उडवण्याच्या पद्धतीचं श्रेय स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड टॉम मॉरिस यांना देतात, 19 व्या शतकात तिथल्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. पण ते मैदान समुद्राकाठचं, मुळातच वाळूचं. आजही गोल्फची हिरवळ बहुधा वाळूच्या थरावरच बांधतात, म्हणून वर वाळू घातली की खालच्याशी तिचं जमतं. तुमची माती चिकण आहे. तिच्यावर वाळूचा थर दिला की पाणी वाळूतून झरकन उतरतं आणि चिकण मातीच्या तोंडाशी येऊन थांबतं. आणि चिकण मातीत वाळू मिसळून तिचा पोत खरोखर बदलायचा तर जवळजवळ निम्म्याहून अधिक वाळू लागते. थोडी वाळू घातली तर वीट होते. काकांना हे समजावून सांगा, ते काळजीपोटीच बोलतायत.

आता मुख्य काम. चांगल्या भागावर आणि नंतर सावरलेल्या भागावरही कंपोस्टचा थर द्यायचा, जाडी 6 मिलिमीटर. म्हणजे पाव इंच. कुठे खूपच विरळ असेल तर 10, त्याच्या वर कधीच नाही. तुम्ही मागच्या वर्षी घातलं होतं ते याच्या आठपट.

एवढ्याशाने काय होणार, असं मनात आलं असेल तर एक खरी गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. चार्ल्स डार्विन इंग्लंडमध्ये केंट परगण्यात डाउन गावी राहायचे. 1842 च्या डिसेंबरात त्यांनी घराजवळच्या एका गवताळ रानाच्या तुकड्यावर खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि मग थांबले. 29 वर्षं. 1871 च्या नोव्हेंबरात तिथे चर खणला, तर खडूचा पांढरा पट्टा 7 इंच खाली गेलेला सापडला. खडू कुणी पुरला नव्हता. गांडुळं खालची माती खाऊन तिची बारीक विष्ठा वर आणून टाकत होती आणि खडू हळूहळू तिच्याखाली जात होता. 7 इंचांना 29 ने भागून पाहा: वर्षाला साधारण 6 मिलिमीटर येतात. गवताचं रान स्वतःच्या अंगावर वर्षाकाठी जेवढा थर चढवून घेतं, तेवढाच आपण द्यायचा. गवत त्यातून सहज वर येतं, कारण त्याला त्याची सवयच आहे. आणि खाली कालवायची चिंता नको. पृष्ठभागावरचं खत आत नेणारे मजूर मातीतच राहतात. त्यांना फक्त खाणं आणि ओल हवी.

हिशेब असा. एका चौरस मीटरवर 6 मिलिमीटर म्हणजे बरोबर 6 लिटर कंपोस्ट. तुम्हाला चौरस फुटांत सोपं जात असेल तर पाच फूट बाय पाच फुटांच्या चौकोनाला 15 लिटरची एक बादली. तुमच्या 900 चौरस फुटांत असे 36 चौकोन बसतात. म्हणजे 36 बादल्या, साधारण 540 लिटर. ओलाव्यानुसार त्याचं वजन 250 ते 350 किलो भरेल. सुतळीने चौकोन आखून घ्या आणि प्रत्येकात एक बादली ओता, मग पसरा. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. सुरुवातीच्या कोपऱ्यात हात सैल सुटतो आणि शेवटच्या कोपऱ्याला काही उरत नाही, हे मी अनुभवी माळ्यांच्या बाबतीतही पाहिलंय.

कंपोस्ट निवडताना घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एकदा मी पोत्यावर 'तयार' छापलेलं बघून विश्वासाने घेतलं आणि न तपासता पसरलं. तीन आठवडे लॉन पिवळं होतं आणि मला रोज सकाळी दार उघडून ते बघावं लागत होतं. तेव्हापासून मी हाताने, नाकाने आणि बियांनी तपासल्याशिवाय एक मूठही टाकत नाही. मूठभर घेऊन दाबा. गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर सुटा व्हावा. बोटांच्या फटींतून पाणी निघालं तर फार ओलं, पसरताना गोळे होतील. आत काय काय होतं ते ओळखू येता कामा नये. पान पान म्हणून, काडी काडी म्हणून दिसत असेल तर अजून वेळ आहे. वास रानातल्या मातीसारखा यावा. नाकाला झोंबलं तर अमोनिया आहे, आंबट किंवा कुबट आला तर हवेशिवाय कुजलंय. ढिगात मनगटापर्यंत हात घाला, आत गरम लागलं तर काम अजून चालू आहे. पक्की खात्री हवी असेल तर थोडं ओलसर कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तीन-चार दिवस ठेवा आणि उघडून वास घ्या. मुरलेलं खत तसंच राहतं, कच्चं घाण मारतं. आणि दोन ताटल्यांत, एकीत कंपोस्ट मिसळलेली माती आणि दुसरीत साधी, मुळ्याच्या दहा-दहा बिया टाका. आठवड्याभरात दोन्हीकडे सारख्याच उगवल्या आणि रोपं टवटवीत असली तर खत तयार आहे. याच ताटल्या पुढे दोन आठवडे ठेवल्यात तर खतात तणाचं बी किती आहे तेही कळेल.

तणाच्या बियांचा विषय निघालाच आहे तर: ढीग आतून 55 ते 60 अंश सेल्सिअस तापून काही दिवस तसाच राहिला आणि अधूनमधून उलथापालथ करून बाहेरचा भागही आत गेला, तर बहुतेक बिया मरतात. घरच्या लहान ढिगाला एवढी उष्णता क्वचितच येते. म्हणून घरचं कंपोस्ट लॉनवर घालणार असाल तर बी धरलेलं तण त्या ढिगात आधीपासूनच टाकू नका. गांडूळखत बारीक आणि छान असतं, पण ते करताना ढीग तापत नाही, त्यामुळे त्यातही बिया जिवंत राहू शकतात. शेणाचं पूर्ण मुरलेलं खत चालेल. अर्धवट कुजलेल्यात हुमणीच्या भुंग्यांना अंडी घालायला आवडतं आणि त्यांच्या अळ्या पुढे गवताची मुळं कुरतडतात. शेणाच्या खतात क्षार आणि स्फुरदही (फॉस्फरस) जास्त असतं. ते दरवर्षी ढिगाने घालत गेलात तर स्फुरद मातीत साठतं आणि पाण्याबरोबर वाहून ओढ्या-तळ्यांत जातं. पालापाचोळ्याचं कंपोस्ट या बाबतीत सौम्य.

मग चाळणं. चाळणीचं भोक 6 ते 10 मिलिमीटरचं. यात आळस केलात तर काड्या आणि गोळे गवतावर बसून राहतात आणि त्यांच्याखाली पिवळे ठिपके पडतात. चाळताना खत किंचित ओलसर असू द्या म्हणजे धूळ उडणार नाही. हातमोजे घाला, नाकातोंडावर मास्क बांधा, पोतं उघडताना तोंड लांब ठेवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. कंपोस्टच्या धुळीत कधीकधी लेजिओनेला जातीचे जिवाणू असतात, श्वासाबरोबर गेले तर फुप्फुसाचा आजार होतो. असं क्वचितच घडतं, पण घरात वयस्कर माणूस असेल तर चाळायला त्यांना बसवू नका.

काम कधी काढायचं? गवत जोमात वाढत असेल तेव्हाच, आणि पुढे निदान दोन महिने वाढ चालू राहणार असेल तेव्हा. हरळी उष्ण हवेचं गवत आहे, रात्रीसुद्धा ऊब टिकायला लागली की ती धावते. त्या सुमारास करा. झोपलेल्या गवतावर थर दिला तर ते त्यातून वर येत नाही, खालीच सडतं. ज्या वाचकांकडे फेस्क्यू, राय यांसारखी थंड हवेची गवतं आहेत त्यांनी उन्हाळा ओसरल्यावर किंवा वसंतात करावं. भर पावसाच्या तोंडावर कुणीच करू नये, सगळं वाहून गटारात जातं.

आठवडाभर आधी गवत दोनदा कापून नेहमीपेक्षा बुटकं करा. एकाच वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून जास्त कापू नका. मग बोटांनी गवत बाजूला सारून बुडाशी बघा. मेलेल्या काड्यांचा तपकिरी, स्पंजासारखा थर दिसेल. तो अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल तर दाताळ्याने जोर लावून विंचरून काढावा लागेल, नाहीतर खत मातीपर्यंत पोचणारच नाही. कमी असेल तर राहू द्या, कंपोस्टमधले जिवाणूच त्याला खाऊन टाकतील.

तुमच्या लॉनला मात्र विंचरण्यापेक्षा भोकांची जास्त गरज आहे. पाणी घातल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना एक लांब स्क्रूड्रायव्हर हाताने आत दाबून बघा. 10-12 सेंटिमीटर सहज गेला तर ठीक. तुमच्याकडे तो दोन बोटांवर अडेल, अशी मला भीती आहे. पोकळ दात्यांचं एरेटर यंत्र भाड्याने मिळत असेल तर तेच आणा. ते 5 ते 8 सेंटिमीटर लांबीचे मातीचे तुकडे उपसून काढतं, त्यामुळे खरी जागा मोकळी होते. नुसता खिळ्यांचा रोलर किंवा खिळ्यांच्या चपला वापरल्या तर भोक पडतं, पण भोकाच्या कडा दाबल्या जातात. घट्ट मातीत त्याचा उपयोग थोडाच. यंत्र नाही मिळालं तर बागेचा चार दात्यांचा काटा घ्या, पाय देऊन घुसवा, दांडा जरा मागेपुढे हलवून माती उचकटा आणि वीतभर सरकून पुन्हा. 900 चौरस फूट म्हणजे पाठीचं काम आहे. तीन दिवसांत विभागून करा आणि घरातल्यांना बोलवा. उकरायची तयारी आहे तर टोचायलाही यायला हरकत नाही. माती ओलीचिंब असताना हे अजिबात करू नका, आणि कोरडी ठणठणीत असताना जमणारच नाही. वाफसा गाठायचा. वर पडलेले मातीचे तुकडे वाळले की दाताळ्याच्या पाठीने फोडा, ते तिथेच राहू द्या.

भोकं पाडल्या-पाडल्याच कंपोस्ट टाका. चौकोनात बादली ओता, दाताळ्याच्या पाठीने सपाट ओढा आणि मग खराट्याने उलटसुलट दिशांनी झाडा, म्हणजे पानांवर बसलेलं खाली उतरेल आणि भोकांत जाईल. गालिच्याचा जुना तुकडा दोरीला बांधून उलटा ओढलात तर आणखी छान बसतं. झाल्यावर उभं राहून बघा. गवताची टोकं सगळीकडे दिसायला हवीत. जिथे नुसतं काळं दिसतंय तिथलं खत उचला आणि विरळ जागी न्या. ही एकच खूण लक्षात ठेवलीत तरी मागच्या वर्षीचं पुन्हा होणार नाही.

मग झारीसारखं हलकं पाणी, धार नको. पुढचे दोन आठवडे वरचा थर ओलसर राहू द्या, आठ-दहा दिवस पाय कमी पडू द्या, आणि गवत नेहमीच्या उंचीच्या वर गेल्यावरच पहिली कापणी करा.

लॉनमध्ये खळगे असतील तर ते कंपोस्टने भरू नका. कंपोस्ट कुजून आक्रसतं आणि खळगा पुन्हा दिसतो. त्यासाठी लॉनखालचीच माती चाळून थोडं कंपोस्ट मिसळा आणि एका वेळी 10-12 मिलिमीटर भरा, गवत वर आलं की पुन्हा. खोल खळग्यावरचं गवत धारदार फावड्याने इंग्रजी एच अक्षरासारखं कापून दोन्ही बाजूंना पुस्तकासारखं उलगडता येतं. खाली माती भरून मिटून टाका.

कंपोस्टकडून काय मागायचं आणि काय नाही, हेही सांगून ठेवते. तीन-चार आठवड्यांत रंग सुधारेल. पण कंपोस्टमधलं नत्र फार हळू सुटतं, पहिल्या वर्षी त्यातला लहानसाच हिस्सा गवताला मिळतो. म्हणून वाढीच्या दिवसांत गवत फिकं वाटलं तर थोडं नत्र वेगळं द्यावं लागेल, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. कापलेलं बारीक गवत मात्र आजपासून लॉनवरच पडू द्या. वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा चौथा हिस्सा त्यातून भरून निघू शकतो, आणि ते फुकट आहे. झाडाच्या दाट सावलीतला भाग कंपोस्टने सुधारणार नाही. हरळीला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवं. तिथे फांद्या विरळ करा किंवा हरळीचा हट्ट सोडून सावलीत टिकणारं दुसरं काही लावा.

मातीला मऊ व्हायला मात्र वेळ लागेल. भोकं आणि 6 मिलिमीटर, वर्षातून एकदा, सलग तीन वर्षं करा. मग माती तपासून घ्या आणि स्फुरद वाढलेलं दिसलं तर एखाद-दोन वर्षं थांबा. दरवर्षी काम सुरू करण्याआधी एकाच जागी फावड्याने पाचराएवढा तुकडा कापून बघा आणि वरच्या काळ्या थराची जाडी, मुळं किती खोल गेलीत आणि किती गांडुळं दिसली ते वहीत लिहा. तुकडा परत तिथेच बसवून पायाने दाबा, आठवड्यात सांधला जातो. पहिल्या वर्षी कदाचित एकही गांडूळ दिसणार नाही. त्याने खचू नका. मातीत खाणं आलं की ती कडेच्या वाफ्यांतून, झाडांच्या बुंध्यांपासून आपणहून येतात.

बाबांची चाळणी अजून घरात असेल तर काढून बघा. लाकडी चौकट शाबूत असेल आणि जाळी गंजली असेल तर फक्त जाळी बदलून घ्या, 8 मिलिमीटरची सांगा. आणि तिच्या कोपऱ्यात, जाळी चौकटीला ठोकलेली असते त्या सांध्यात, जुनं काळं काही अडकलेलं सापडलं तर चिमटीत घेऊन पाण्यात भिजवा आणि चोळून बघा. माती असेल तर बोटांना खरखर किंवा चिकटा लागेल, कंपोस्ट असेल तर मऊ लागून बोटं तपकिरी होतील. काय निघालं ते मला नक्की कळवा.